अंदाज जिल्ह्याचा, पेरणी वावराची

मृग नक्षत्र लागले की सेलू तालुक्यातील शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात, ही आता निम्मीच गोष्ट उरली आहे. उरलेले निम्मे लक्ष हातातील मोबाइलच्या पडद्याकडे असते. त्या पडद्यावर भारतीय हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा असतो, एखाद्या खासगी कंपनीचा अंदाज असतो, समाजमाध्यमांवरील एखाद्या अंदाजकाराची ध्वनिचित्रफीत असते आणि यंदाच्या नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस, याचीही चर्चा असते. अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या घटमांडणीतून निघालेले भाकीत तर त्याआधीच गावोगाव पोचलेले असते. माहितीची टंचाई आहे, असे आज कोणी म्हणणार नाही. तरीही वखरणी होऊन तयार असलेल्या वावरात, घरात बियाण्याच्या पिशव्या पडून असताना, उद्या पेरावे की आठ दिवस थांबावे, या एका प्रश्नाचे उत्तर या साऱ्या गर्दीत क्वचितच सापडते.

हा प्रश्न किरकोळ नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या तालुक्यातील खरिपाची मुख्य पिके. बोर धरणाच्या पाण्यामुळे लाभक्षेत्रातील काही गावांना आधार आहे. एकेकाळी केळीच्या बागांसाठी हा तालुका ओळखला जात असे, तो सिंचनाच्याच बळावर. परंतु बहुसंख्य जमीन कोरडवाहू असून तिचे सारे गणित पावसावर बेतलेले आहे. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी अटळ होते. बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा उभी करावी लागते, आणि ती बहुधा कर्जातून उभी राहते. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा जिल्ह्याचा समावेश होता. कर्जाची जी साखळी तेव्हा देशभर चर्चेत आली, तिची एक कडी जूनमधील फसलेल्या पेरणीत असते, हे विसरून चालणार नाही.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे कोठे?

हवामान खात्याच्या भाषेला शास्त्रीय अर्थ आहे. मात्र तो शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे खाते म्हणते, तेव्हा संबंधित भागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, एवढाच त्याचा अर्थ असतो. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक केंद्रे. याचा सरळ अर्थ असा की 'तुरळक ठिकाणी' असा अंदाज खरा ठरला, तरी चारांपैकी किमान तीन केंद्रे कोरडी राहतात. अंदाज बरोबर आणि वावर कोरडे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

रंगांच्या इशाऱ्यांचेही तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे कृती करा. हे इशारे मुळात प्रशासनाने किती सावध व्हावे, हे सांगण्यासाठी आहेत. गावात मात्र नारिंगी रंग दिसला की 'चांगला पाऊस येणार' असे समजून पेरणीची घाई होते, आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पाऊस पडून गेला की 'हवामान खाते खोटे' असा शेरा मारला जातो. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी २०१७ च्या जुलैमध्ये हवामान खात्याच्या अंदाजामुळे आपण फसलो, अशी तक्रार थेट पोलिसांत दिली होती. त्या तक्रारीचे कायद्याच्या दृष्टीने काय व्हायचे ते होवो. परंतु अंदाज ऐकून पैसा मातीत घातला आणि तो गेला, तर जबाबदार कोण, हा तिच्यामागचा सवाल आजही अनुत्तरित आहे.

मोसमी पावसाच्या आरंभीचे ढग हे बहुधा स्थानिक उष्णतेतून उभे राहिलेले, काही किलोमीटर पसाऱ्याचे असतात. हिंगणीकडील बोरच्या जंगलाचा उंचसखल टापू आणि सिंदीकडील सपाट काळी जमीन यांच्यावर एकाच दुपारी सारखा पाऊस पडावा, असा निसर्गाचा नियम नाही. एका धुऱ्यावर चिखल आणि दुसऱ्या धुऱ्यावर धूळ, हा जूनमधील नित्याचा अनुभव आहे. जिल्ह्यासाठी एकच रंग ठरवणाऱ्या नकाशाकडून या धुऱ्यांतला फरक कळण्याची अपेक्षा करणेच चूक आहे.

सरासरीचा दिलासा

हंगामी अंदाजाची गोष्ट याहून वेगळी नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये देशभरातील पावसाचा पहिला अंदाज जाहीर होतो आणि 'सरासरीच्या अमुक टक्के' हा आकडा वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतो. बाजार, बँका आणि धोरणकर्ते यांना तो उपयोगी आहे. पण देशाची ८७ सेंटिमीटरची सरासरी सेलूतील शेतकऱ्याच्या कामाची नाही. त्याला किती पाऊस, यापेक्षा कधी पाऊस, हे जाणायचे असते.

गेल्या काही वर्षांनी हा धडा पुरेसा कडक शब्दांत दिला आहे. २०२३ मध्ये हंगामाचा देशातील एकूण पाऊस सरासरीच्या ९४ टक्के होता. आकडा फारसा भीतिदायक नाही. मात्र त्याच वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऑगस्ट म्हणजे सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असण्याचा महिना. २०२५ मध्ये याच्या उलट झाले. मान्सून २४ मे रोजीच केरळात दाखल झाला आणि दोन दिवसांत मुंबईत पोचला. इतक्या लवकर आलेल्या पावसाचे कौतुक सुरू असतानाच त्याची वाटचाल विदर्भाच्या उंबरठ्यावर थबकली, ती जूनच्या मध्यापर्यंत. मे महिन्यातील सरींवर विसंबून ज्यांनी धूळपेरणी केली, त्यांना या खंडाची पूर्वसूचना किती मोलाची ठरली असती, हे वेगळे सांगायला नको. तो हंगाम पुढे १०८ टक्क्यांवर संपला.

मृगाच्या हिशेबातही एक पेच दडलेला आहे. सूर्याचा मृग नक्षत्रातील प्रवेश ७ किंवा ८ जूनला होतो. हवामान खात्याने २०२० मध्ये १९६१ ते २०१९ या काळातील नोंदींच्या आधारे मान्सूनच्या आगमनाच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या. केरळची १ जून कायम राहिली, परंतु विदर्भाच्या या भागासाठी ती तारीख जूनच्या मध्यावर येते. म्हणजे परंपरेचे पंचांग आणि नोंदींचे पंचांग यांत सुमारे आठवड्याचे अंतर आहे. या आठवड्यात पडणारा पाऊस बहुधा वळवाचा असतो. तो जमीन भिजवतो, पण हंगाम सुरू झाल्याची ग्वाही देत नाही. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल जाऊन वापसा आल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग वर्षानुवर्षे देत आला आहे. सल्ला योग्यच आहे. प्रश्न इतकाच की आपल्या गावात किती मिलिमीटर पाऊस पडला, हे शेतकऱ्याला कोण सांगणार?

नोंदीवर अडलेला पैसा

हवामानाची माहिती म्हटली की चर्चा अंदाजाभोवती फिरते. काय पडणार, याची उत्सुकता स्वाभाविक आहे. परंतु काय पडले, याची नोंद शेतकऱ्याच्या दृष्टीने तितकीच, किंबहुना अधिक महत्त्वाची आहे, कारण सरकारी मदतीचे दार त्या नोंदीच्या किल्लीने उघडते.

अतिवृष्टीचा निकष चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पावसाचा आहे आणि तो महसूल मंडळाच्या पातळीवर मोजला जातो. २०२३ मध्ये राज्य सरकारने सततचा पाऊस ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. त्यातही सलग पाच दिवस दररोज किमान १० मिलिमीटर पाऊस, हा मंडळातील नोंदीवर आधारलेला निकष आहे. संत्रा, केळी यांसारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात तर भरपाई संदर्भ हवामान केंद्राने नोंदवलेल्या पाऊस, तापमान आणि वाऱ्याच्या आकड्यांवरच ठरते. म्हणजे एका मंडळातील एका केंद्राने जे मोजले, ते त्या मंडळातील सर्व गावांच्या नशिबी आले. केंद्राच्या गावी ६० मिलिमीटर आणि दहा किलोमीटरवरील गावात ९० मिलिमीटर पाऊस झाला, तर वाहून गेलेले पीक डोळ्यांसमोर असूनही ते मंडळ कागदावर अतिवृष्टीचे ठरत नाही.

या दृष्टीने राज्यात झालेले काम कमी लेखण्याचे कारण नाही. 'महावेध' प्रकल्पातील पहिल्या स्वयंचलित हवामान केंद्राचे उद्घाटन ३० एप्रिल २०१७ रोजी शेजारच्याच नागपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे झाले आणि पुढे राज्यभरातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक केंद्रे उभी राहिली. पूर्वी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या पर्जन्यमापकावर सारा तालुका विसंबून असे. त्या तुलनेत ही मोठी मजल आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'विंड्स' या नावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. तालुका पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्र आणि ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक, असा त्यामागचा विचार आहे. एका मंडळातील एका आकड्याने अनेक गावांचा निवाडा होण्यातील अन्याय दूर करायचा, तर याच दिशेने जावे लागेल.

खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीक विमा देण्यात येत होता. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आधारण्यात आली. स्थानिक आपत्तीसाठी स्वतंत्र भरपाई मागण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. अशा वेळी गावातील पावसाची विश्वासार्ह नोंद हा शेतकऱ्याच्या हातातील उरलेला पुरावा ठरतो. तो पुरावा त्याच्याकडे नसेल, तर पंचनाम्याच्या वेळी त्याचे म्हणणे केवळ म्हणणेच राहते.

दुभाष्याविना सल्ला

तंत्रज्ञानाच्या आघाडीवर मात्र बातम्या उत्साहवर्धक आहेत. ग्रामपंचायत पातळीवरील पाच दिवसांचा हवामान अंदाज २४ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली आणि अंदाजाच्या नकाशातील चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. २०२५ च्या खरिपात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे मान्सूनच्या आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना लघुसंदेशाद्वारे पाठवण्यात आले. अंदाजाची चौकट गावाच्या दिशेने सरकते आहे, हे निर्विवाद.

पण अंदाज आणि सल्ला यांत फरक आहे. 'शुक्रवारी २० मिलिमीटर पाऊस' हा अंदाज झाला. 'गुरुवारी फवारणी करू नका, औषध धुऊन जाईल. तणांची डवरणी मात्र आज उरकून घ्या' हा सल्ला झाला. हा अनुवाद यंत्र करीत नाही. त्यासाठी पीक कोणत्या अवस्थेत आहे, जमीन कशी आहे, मजूर मिळतात की नाही, हे जाणणारा माणूस लागतो. देशात आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला पत्रक निघते. ते अधिक स्थानिक व्हावे म्हणून २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू करण्यात आली होती. देशभरात अशी १९९ केंद्रे उभी राहिली आणि २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. आकडेवारी आता आपोआप मिळते, मग जिल्ह्याला माणूस कशाला, असा विचार त्यामागे असेल, तर तो चुकीचा आहे. आकडे वाढले की दुभाष्याची गरज कमी होत नाही, वाढते.

या दुभाष्याच्या अभावाची किंमत केवळ उत्पन्नात मोजता येत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती: जहाल औषधे, त्यांची घातक मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव. तरीही वाऱ्याची दिशा आणि वेग, उकाडा आणि माणसापेक्षा उंच वाढलेली पऱ्हाटी, यांचा विचार करून फवारणी कधी टाळावी, हे सांगणे हे हवामान सल्ल्याचेच काम आहे. विजेची गोष्टही अशीच. 'दामिनी' हे ॲप आपल्या आसपासच्या २० ते ४० किलोमीटर टापूतील विजेची सूचना देते. परंतु निंदणासाठी वावरात गेलेल्या मजूर स्त्रियांपैकी किती जणींच्या कमरेला स्मार्टफोन असतो? त्यांच्यासाठी मंदिरावरील भोंगा किंवा गावच्या कोतवालाची हाकच उपयोगी.

हवामानाची माहिती केवळ पेरणाऱ्यालाच लागते असेही नाही. मे महिन्यात वर्धा आणि नागपूर परिसरातील पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सपाट प्रदेशात ४५ अंश म्हणजे उष्णतेची लाट, हा हवामान खात्याचा निकष वीटभट्टीवर आणि रोजगार हमीच्या कामावर असलेल्या मजुराला माहीत असायला हवा, आणि त्याच्या मुकादमाला तर नक्कीच. कामाची वेळ दुपारची की पहाटेची, हा निर्णय तापमानाच्या आकड्यावर ठरावा, सवयीवर नव्हे. बोर नदीकाठच्या वस्त्यांना पावसाळ्यात धरणातील साठ्याची आणि विसर्गाची वार्ता वेळेत कळणे हाही याच माहितीचा भाग आहे.

फळ्यावरचा आकडा

मग करायचे काय? पहिली गोष्ट खर्चाची नाही, शिस्तीची आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीसमोर आणि शाळेसमोर एक फळा असतो. हवामान खात्याच्या प्रथेप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातील पाऊस मोजून, कालचा पाऊस आणि १ जूनपासूनचा एकूण पाऊस हे दोन आकडे त्यावर लिहिले जावेत. पेरणीसाठीचे ७५ मिलिमीटर पुरे झाले की नाही, हे मग कोणालाही विचारावे लागणार नाही. मिलिमीटर ही मोजणी परकी वाटत असेल, तर ती गावच्या भाषेत सांगता येते: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. २५ मिलिमीटरची चांगली सर म्हणजे एकरी सुमारे एक लाख लिटर. हा हिशेब शाळेतील मुलांनी मांडावा, इतका तो सोपा आहे. संगमनेर आणि अकोले तालुक्यांत 'वॉटर' या संस्थेने गावात हवामान केंद्रे उभारून स्थानिक नोंद आणि पिकाचा सल्ला एकत्र गावकऱ्यांपर्यंत पोचवण्याचा प्रयोग केला आहे. नाशिकचा द्राक्ष बागायतदार स्वतःच्या बागेत यंत्र बसवतो, कारण त्याला ते परवडते. कापूस पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ते सार्वजनिकच असावे लागेल.

दुसरी गोष्ट, स्वयंचलित केंद्रांचे आकडे गावाला रोज, मराठीत आणि विनासायास दिसले पाहिजेत. केंद्र बंद पडले, त्यावर झाडाची फांदी आली किंवा शेजारी भिंत उभी राहिली, तर ते सर्वांत आधी गावालाच दिसते. गावाने हाताने मोजलेला आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी शेजारी असतील, तर यंत्राची चूकही पकडता येईल आणि यंत्रावर विनाकारण घेतला जाणारा संशयही दूर होईल.

तिसरी गोष्ट म्हणजे अंदाजाचा हिशेब. तालुक्यासाठी दिलेले अंदाज किती वेळा खरे ठरले आणि किती वेळा चुकले, याचा ताळेबंद हंगामाच्या अखेरीस प्रसिद्ध व्हावा. हवामान खाते आपल्या अंदाजांची पडताळणी शास्त्रीय पातळीवर करतेच. ती गावाच्या चावडीवर यावी, एवढेच मागणे आहे. समाजमाध्यमांवरील अंदाजकार आपले खरे ठरलेले भाकीत मिरवतात आणि चुकलेले विसरतात. सरकारी यंत्रणेने दोन्ही सांगितले, तर विश्वास कमी होण्याऐवजी वाढेल. अचूकतेचा दावा करणाऱ्यापेक्षा चुकीची कबुली देणाऱ्यावर शेतकरी अधिक भरवसा ठेवतो.

आणि चौथी गोष्ट, तालुक्याला माणूस हवा. तालुका कृषी कार्यालयात हवामानाची भाषा आणि पिकाची भाषा दोन्ही जाणणारा एक अधिकारी असावा, जो 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचा अर्थ सेलूच्या आठवडी बाजारात उभा राहून सांगू शकेल. वर्धा जिल्हा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातच होता. हवामान बदलाशी जुळवून घेण्याची भाषा येथील गावांना नवी नाही. त्या भाषेला रोजच्या उपयोगाची जोड मिळणे बाकी आहे.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली आणि शेतकऱ्यांसाठीचे हवामान वार्तापत्र आकाशवाणीवरून १९४५ पासून सांगितले जाऊ लागले. रेडिओपासून उपग्रहापर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे. मात्र ढगापासून पडद्यापर्यंत आलेली माहिती पडद्यापासून तिफणीपर्यंत पोचली, तरच तो पूर्ण झाला असे म्हणता येईल. शेवटचे हे अंतर काही पावलांचेच आहे. दुबार पेरणीचे ओझे घेऊन ते चालावे लागणाऱ्याला मात्र ते फार लांबचे वाटते.